वारुळाभोवतीची फेरी

साप बघायला माणूस विमानात बसून समुद्र ओलांडून येतो, हे मला अजून पटलेलं नाही. माझ्या न्हाणीत बेडूक निघाला की मी त्याच्यावर तांब्याभर पाणी मारून हाकलते. तोच बेडूक बघून डेन्मार्कहून आलेली एक बाई ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, अगं, पडलीस का? तर तिच्या नवऱ्याने सांगितलं, ती म्हणतेय, किती सुंदर! पाठीवर तांबडी नक्षी असलेला, बटाटेवड्यासारखा फुगलेला बेडूक. मोरीच्या पाइपात राहायचा.

त्या बाईचं नाव आस्त्रिद. तिच्या नवऱ्याचं हेन्रिक. हा हेन्रिक पुढे एका हिवाळ्यात माझ्याकडे मरायला आला होता. या अंकाच्या संपादकबाईंनी धंद्याबद्दल लिहा म्हटल्यावर मला दुसरं काही आठवेना, म्हणून तेच लिहिते. पण आधी धंदा काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

मी कुंभकोणमची. आमचं घर मराठी बोलणारं. पूर्वी कुणीतरी तंजावरच्या राजवाड्यात चाकरीला आलं, त्यांची आम्ही पोरं. माझी शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळ. मराठी अक्षरं वडिलांनी विठ्ठलाच्या भजनांच्या पुस्तकातून शिकवली. आमची घरातली मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात, जुन्या नाटकातली राणी बोलतेय म्हणतात. म्हणून इथे तुमच्यासारखं लिहायचा प्रयत्न केलाय. जमलं नाही तिथे संपादकबाईंनी हात फिरवलाय.

नवरा स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये कामाला होता. तो गेल्यावर मी घरातल्या मागच्या खोल्या भाड्याने द्यायला लागले. एकदा लॉजवाल्यांनी एक गोरा माणूस पाठवून दिला. त्याच्या हातात टोकाला आकडा असलेली लांब काठी होती आणि ती बघून त्यांनी त्याला आत घेतलं नव्हतं. मी काठीला घाबरले नाही. तो आठवडाभर राहिला, शेतांतून हिंडला, साप आणि बेडकांचे फोटो काढले, सांबारभात चाटूनपुसून खाल्ला आणि आपल्या देशात जाऊन सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून तसलीच माणसं येतात. स्टेशनवरचे रिक्षावाले माझ्या घराला ‘पांबु वीडु’ म्हणतात, म्हणजे सापाचं घर. आधी राग यायचा. आता पत्ता सांगायला सोपं पडतं.

ही माणसं साप पकडत नाहीत. कायद्याने पकडता येत नाही, आणि खऱ्या शौकिनाला पकडायचाही नसतो. बघायचा, फोटो काढायचा, निघायचं. दगड उचलला तर होता तसाच, होता त्या बाजूने परत ठेवायचा, कारण त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं. एकाने मला कासव विकत मिळेल का विचारलं. पाठीवर चांदण्या असलेलं, पेटीत मावेल एवढं. मी त्याचं सामान रस्त्यावर ठेवलं आणि दाराला कडी लावली. जेवण अर्धं झालं होतं त्याचं. एक जपानी म्हातारा भाताच्या खाचरात बेडकासमोर इतका वेळ पालथा पडून राहिला की लावणीच्या बायकांना वाटलं मेलाय. त्यांनी गळा काढला. त्यांच्या रडण्याने बेडूक पळाला आणि मेलेला माणूस उठून त्यांच्यावर चिडला. तसली गंमत आता कमी. शेतात औषधं इतकी मारतात की जे बेडूक मी न्हाणीतून हाकलायचे, ते आता पाहुण्यांसाठी शोधत फिरावं लागतं.

फिरवायचं काम मुरुगेशनचं. गाडी त्याची. पन्नाशी ओलांडलेला, तोंडात कायम पान, पाहुण्यांकडून शिकलेलं इंग्रजी. मी जेवणाचे डबे घेऊन बरोबर जायचे. पण माझी एक खोड आहे. गवतात पाय टाकायच्या आधी मी काठी आपटते. आईने लावलेली सवय. आपण येतोय हे त्याला कळवायचं, त्याने बाजूला व्हायचं, मग दोघांचं बरं चालतं. आता ज्याला साप बघायचाय त्याच्याबरोबर अशी बाई कशाला?

‘‘अक्का, तुम्ही बरोबर असलात की सगळे साप बस पकडून तंजावरला जातात,’’ मुरुगेशन म्हणायचा. ‘‘गाडीत बसा. डबा सांभाळा.’’

मी बसायचे. बहुतेक वेळा.

हेन्रिक आणि आस्त्रिद दर हिवाळ्यात यायचे, भातकापणीच्या सुमाराला. तेव्हा उंदीर मोकळ्यावर येतात आणि उंदरांमागे बाकीचे. हेन्रिकला फक्त नाग लागायचा. आस्त्रिदला काहीही चालायचं, सरडासुद्धा. ती फोटो काढायची नाही. घडीचं छोटं स्टूल घेऊन बसायची आणि पेन्सिलने चित्र काढायची. काढताना नाकातल्या नाकात गुणगुणायची; सूर असा काही नव्हता, भिंतीपलीकडे कुणी दळत बसावं तसं. तिच्या कमरेचं हाड एकदा मोडलं होतं. एक पाऊल जड पडायचं, एक हलकं. अंगणातून आली की न बघता कळायचं. हेन्रिक तेवढा मोडकंतोडकं तमिळ बोलायचा; तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. संध्याकाळी पडवीत शेवग्याचा पाला निवडत आम्ही बसायचो. कुणाच्या नवऱ्याबद्दल तक्रार करायची तर तेवढं हातवाऱ्यांनी भागतं.

आता वारूळ. तिरुविसनल्लूरकडे जाताना नदीच्या अंगाला एक पडीक तुकडा आहे. एका बाजूला बांबूचं बेट, दुसरीकडे केवडा, मध्ये मोडक्या पंपघराच्या चार भिंती. तिथे दोन वारुळं एकमेकांना चिकटून वाढली आहेत, मुरुगेशनच्या डोक्याहून उंच. हळद माखून माखून अंग पिवळं झालेलं. बिळांच्या तोंडाशी अंड्यांची टरफलं. आत एक नागीण राहते. किती जुनी ते कुणाला ठाऊक नाही. तिला सगळे पाट्टी म्हणतात, म्हणजे आजी.

शुक्रवारी सकाळी बायका येतात. सरळ वारुळाकडे कुणी जात नाही. रस्त्याच्या कडेला ताडाचा तुटका बुंधा आहे, तिथे चपला काढायच्या आणि लांबूनच फेरी धरायची. एकीमागे एक, तोंड बंद, टाच जोरात टेकवत. दुसरी फेरी थोडी आतून, तिसरी आणखी आतून. गोल लहान होत होत हळदीकुंकवाच्या हाताला वारूळ लागेपर्यंत पाट्टी आत गेलेली असते. सापाला आपलं बोलणं ऐकू येत नाही, जमिनीतून पाय कळतात, असं मला हेन्रिकने सांगितलं होतं. ते ऐकून मी म्हटलं, म्हणून तर मी काठी आपटते. तो म्हणाला, ‘‘म्हणून तर मी तुला गाडीत बसवतो.’’

आस्त्रिद शुक्रवारी फेरीत चालायची, माझ्यामागे. जड, हलकं, जड, हलकं. बायकांना आधी चमत्कारिक वाटलं. मग सवय झाली.

दुसरी एक गोष्ट तिथे पाळतात. डोक्यावर ऊन आलं की त्या तुकड्यात कुणी पाऊल टाकत नाही. त्याला इथे उच्ची वेळ म्हणतात. सावली पायाखाली गेली की जागा आपली राहत नाही, असं मानतात. मी मानते की नाही ते विचारू नका. जात नव्हते एवढं खरं.

मग एका हिवाळ्यात हेन्रिक एकटा आला. स्टेशनवरून मुरुगेशनने आणला. दारात उभा राहून म्हणाला, ‘‘आस्त्रिद वारली. उन्हाळ्यात. पोटात गाठ होती.’’ मी म्हटलं, ‘‘हातपाय धू. जेवण तयार आहे.’’ दुसरं काय बोलणार? पानावर बसला तेव्हा शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला, तिला वाढलं नाहीस. मी वाढलं नाही. मेलेल्या माणसाला रोज वाढायला लागलं की जिवंत माणूस उठत नाही, हे मी माझ्या घरात बघितलंय.

दुसऱ्या दिवसापासून तो वारुळाकडे जायला लागला. सकाळी नाही. दुपारी. मुरुगेशन त्याला रस्त्यावर सोडायचा आणि बुंध्यापाशी थांबायचा.

‘‘काय करतो रे तिथे?’’ मी विचारलं.

‘‘बसतो, अक्का. तिच्या स्टुलावर. कॅमेरा पिशवीतून काढतसुद्धा नाही.’’ मग पान थुंकून हळू आवाजात म्हणाला, ‘‘म्हणतो, वारुळातून आवाज येतो. तिच्या गुणगुणण्याचा.’’

‘‘तू ऐकलास?’’

‘‘उच्ची वेळेला मी आत जातो काय! मी गाडीत गाणी लावून बसतो.’’

मी शुक्रवारी बायकांबरोबर गेले तेव्हा खाली बघितलं. वारुळाजवळची माती भाजलेल्या पिठासारखी मऊ असते. तिच्यात स्टुलाच्या पायांचे ठसे होते. चार भोकं बांबूच्या सावलीत. त्याच्या पुढे चार. त्याच्या पुढे आणखी चार. रोज थोडं पुढे. शेवटची चार वारुळापासून माझ्या हाताच्या अंतरावर होती.

शेजारच्या कावेरीअम्मानेही ते बघितलं. ‘‘तुझा पाहुणा आहे ना हा? सांग त्याला. काही झालं तर आमचे पुरुष वारूळ जाळतील. पाट्टी जाईल.’’

खरं होतं. परदेशी माणूस साप चावून मेला तर पोलीस येणार, माझ्या खोल्यांना कुलूप लागणार, मुरुगेशनची गाडी ठाण्यात जाणार, आणि जिने कुणाचं काही वाकडं केलं नाही तिला रॉकेल ओतून मारणार. त्या संध्याकाळी मी हेन्रिकला तसंच सांगितलं.

‘‘मरायचं असेल तर आपल्या देशात मर. तिथे बर्फ आहे, समुद्र आहे. माझ्या धंद्यात कशाला?’’

तो हसला. ‘‘मी मरायला आलो नाही, साक्कूबाई. ती तिथे आहे. जवळ गेलं की नीट ऐकू येतं.’’

‘‘तिथे साप आहे.’’

‘‘साप मला ओळखतो.’’

इतक्या वर्षांत इतक्या सापवाल्यांना जेवू घातलं, पण हे वाक्य त्यांच्यातल्या शहाण्या माणसाने कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. साप कुणाला ओळखत नाही, हे त्यानेच मला सांगितलं होतं.

दोन दिवसांनी मुरुगेशन दुपारी एकटाच स्वयंपाकघराच्या दारात आला. हातात हेन्रिकचे बूट. गुडघ्यापर्यंतचे, जाड कातड्याचे. त्यांच्याशिवाय तो कधी गवतात उतरायचा नाही.

‘‘मला दिले,’’ मुरुगेशन म्हणाला. ‘‘म्हणाला, तुझ्या उपयोगी पडतील. आणि अनवाणी आत गेला. अक्का, मला हे बूट नकोत.’’

मी चुलीवरचा भात तसाच उतरवला आणि गाडीत बसले.

बुंध्यापाशी पोचलो तेव्हा सावली पायाखाली होती. जानेवारीचं ऊन, तसं फार नाही, पण सगळं पांढरं दिसत होतं. बांबू हलत नव्हता. एरवी तिथे सातभाई पक्षी कलकलाट करतात, एक नव्हता. मी चपला काढल्या. मुरुगेशन बुंध्याला हात धरून उभा राहिला.

‘‘चल.’’

‘‘अक्का, मारा मला. मी नाही येत.’’

मी काठी घेऊन एकटी आत गेले. पंपघराची भिंत ओलांडली आणि थांबले.

हेन्रिक वारुळासमोर, हात पुढे केला तर लागेल इतक्या जवळ स्टुलावर बसला होता. पाय उघडे, हात मांडीवर, उताणे. त्याच्या आणि वारुळाच्या मध्ये पाट्टी उभी होती. फणा काढलेला, त्याच्या छातीच्या उंचीवर. मी आजवर तिची शेपटी बघितली होती, फार तर पाठ. एवढी असेल असं वाटलं नव्हतं. दोघंही हलत नव्हती. आणि आवाज येत होता. भिंतीपलीकडे कुणी दळत बसावं तसा. हेन्रिकचं तोंड बंद होतं, मला कडेने दिसत होतं. वारुळात मधमाश्या असतील, वारा बिळातून फिरत असेल. पुढे खूप जणांनी मला हे समजावलं. असेल. मी त्या बाईच्या शेजारी बसून पाला निवडलाय.

काठी आपटली असती तर पाट्टी दचकली असती आणि समोर जे होतं त्याला डसली असती. हाक मारली असती तर तो वळला असता, तेच झालं असतं. गप्प उभी राहिले असते तर त्याने हात पुढे केला असता. ते उताणे हात मला बरे दिसले नाहीत.

मी काठी खाली ठेवली आणि मागे गेले, पार बुंध्याच्या रेषेपर्यंत. तिथून फेरी धरली.

लांबून, टाच टेकवत, हळू. शुक्रवारी चालतो तशी. तोंड बंद. केवड्याच्या बाजूने गेले, पंपघराच्या मागून, बांबूच्या कडेने. वारुळाची उंच पाठ मध्ये आली की हेन्रिक दिसेनासा व्हायचा, पुढे गेले की परत दिसायचा. तसाच. पहिली फेरी झाली. दुसरी आतून धरली. पाट्टीचं डोकं थोडं माझ्या बाजूला वळलं.

दुसऱ्या फेरीत मला मागून पावलं ऐकू आली. टाचांची. माझ्यामागे, वारुळाच्या पलीकडून, मी जिथून गेले तिथूनच. वाटलं, मुरुगेशनला लाज वाटली, आला बिचारा. बरं वाटलं. फेरीत मागे बघायचं नसतं, तोल जातो आणि गोल मोडतो. मी बघितलं नाही. चालत राहिले आणि मग मला कळलं की पावलं सारखी पडत नाहीत. एक जड. एक हलकं.

पण टाच टेकवायची थांबले नाही, कारण पाट्टी खाली येत होती. फणा हळूहळू मिटला, मान जमिनीला लागली. ती घाईने नाही, पाणी भांड्यातून ओततात तशी बिळात गेली. शेपटी दिसेनाशी झाली तेव्हा माझी तिसरी फेरी निम्मी झाली होती.

गुणगुणणं थांबलं होतं. कधी थांबलं ते सांगता येणार नाही.

हेन्रिक अजून तसाच बसला होता. आता जाऊन त्याचं बखोट धरावं म्हणून मी थांबले. मी थांबले, पण ती पावलं थांबली नाहीत. माझ्या मागून निघून, मला वळसा घालून, रस्त्याच्या बाजूला चालायला लागली. दिसत काही नव्हतं. धूळ जागची हलली नाही. जड, हलकं, जड, हलकं, बुंध्याच्या दिशेने.

हेन्रिकने मान वर केली. मग उठला आणि त्या आवाजामागे चालायला लागला, अनवाणी, काट्याकुट्यांतून. माझ्या शेजारून गेला, पण माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्टूल तिथेच राहिलं. मी एकटी वारुळापाशी, उच्ची वेळेला. मी काय केलं विचाराल तर धावले. या वयात.

गाडीपाशी आले तर मुरुगेशन बुंध्याला तसाच हात धरून उभा. त्याचे पाय स्वच्छ होते. हेन्रिक गाडीच्या दारात बसून तळव्यातले काटे काढत होता. नुकती झोप मोडल्यासारखा चेहरा.

‘‘तुम्ही दोघी होता,’’ तो म्हणाला. ‘‘दुसरी कोण?’’

मी जराही न अडखळता म्हटलं, ‘‘मुरुगेशनची बायको.’’

‘‘ती लंगडते?’’

‘‘हो.’’

त्याने तळव्यातला शेवटचा काटा उपसून टाकला. मग म्हणाला, ‘‘माझे बूट दे.’’ मुरुगेशनने बूट दिले. त्याने ते घातले, नाड्या आवळल्या, आणि मग रडला. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, नाक वाहेपर्यंत. इतके दिवस रडला नव्हता. मी त्याला डब्यातलं पाणी दिलं.

घरी पोचल्यावर मुरुगेशन मला मागच्या अंगणात गाठून म्हणाला, ‘‘अक्का, माझी बायको कधीपासून लंगडायला लागली?’’

‘‘आजपासून. तिला सांगून ठेव.’’

‘‘ती मला लंगडा करेल.’’ मग रस्त्याकडे बघत, ‘‘तुम्हा दोघांना सोडून मी कुणालाच बघितलं नाही. पण ऐकलं.’’

‘‘गाडीत गाणी लाव,’’ मी म्हटलं.

हेन्रिक त्या आठवड्यात परत गेला. वारुळाकडून आलो त्या रात्री तो पोटभर जेवला, रिकाम्या जागेकडे न बघता. अजून जिवंत आहे. पोंगलला मुरुगेशनच्या फोनवर त्याच्या देशातल्या बेडकांचे फोटो पाठवतो. काळे, मरगळलेले बेडूक, आमच्या न्हाणीतल्याच्या पासंगाला पुरणार नाहीत. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरतो. माझ्या खोल्या चालू आहेत. पाट्टी आहे. परवाच तिने टाकलेली कात कावेरीअम्माने हळद लावून देव्हाऱ्यात नेली.

स्टूल आणायला कुणी गेलं नाही. त्याच्या कापडाला वाळवी लागली, मग पायांना, आणि आता वारूळ त्याच्यावर चढलंय. एक कोपरा दिसतो, तोही पावसापर्यंत.

मी शुक्रवारी अजून जाते. फेरीत सगळ्यात शेवटी चालते, गुडघ्यांमुळे. माझ्यामागे कुणी नसतं. तिसरी फेरी आतून धरली की मागे टाच पडते. एक जड, एक हलकी. कावेरीअम्मा पुढून विचारते, ‘‘साक्कू, तू लंगडतेस काय गं?’’ मी हो म्हणते.

मागे वळून बघत नाही. बघण्यासाठी समुद्र ओलांडून येणारी माणसं वेगळी. मी इथलीच आहे, मला न बघता चालतं.